नारिंगी पाइप

पेणात बर्फ होतो, असं मी ज्याला ज्याला सांगितलं त्यानं दात काढले. धाटावला कंपनीच्या स्टोअरमध्ये पोरं हसली. रोह्याचा हार्डवेअरवाला हसता हसता स्टुलावरून पडायचा राहिला. जोह्यात माहेरच्या शेजारची म्हातारी म्हणाली, "गो, डोस्कं तपासून घे. हितं पंख्याखाली घाम सुकत नाय नि तू बर्फ काय सांगतंस?" त्या सगळ्यांचं मी सोसलं. पण ज्याच्या जिवासाठी हे सांगत फिरत होते तो माझा धाकटा भाऊसुद्धा हसला, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरं सांगते, ती अजून पुरती उतरलेली नाही.

भाऊ गणपती रंगवतो. जोह्यात बाबांच्या वेळेपासूनचा आमचा कारखाना आहे, आणि मूर्तीचे डोळे आखण्यात भावाचा हात धरणारा आसपासच्या चार गावांत कुणी नाही, हे मी बहीण म्हणून सांगत नाही. पण या माणसाच्या डोक्यात लहानपणापासून एकच भूत. कारखान्याच्या मागच्या अंगाला, जिथं मूर्ती वाळवायच्या फळ्या असतात, तिथं तो कित्येक वर्षं विमान बांधतोय. खेळण्यातलं नव्हे. दोन माणसं बसतील असं, खरोखरचं, उडायचं विमान. नकाशे परदेशातून मागवले, इंजिन जुनं घेऊन नवं केलं, पंख लाकडाचे आणि वर कापड ताणलेलं. अनंत चतुर्दशीनंतर कारखाना रिकामा झाला की विमान पुढं यायचं, आणि मूर्तींचं काम वाढलं की पंख काढून माळ्याला टांगले जायचे. परजिल्ह्यातल्या एका क्लबात जाऊन तो विमान चालवायलाही शिकला. परवानग्यांच्या कागदांची फाइल तर एवढी जाड झालीय की वहिनी तिच्यावर पापडांची परात ठेवते.

यंदा सगळं जुळून आलं होतं. इंजिन जमिनीवर चालवून बघायचं, मग मूर्ती पोचवणाऱ्या टेम्पोतच विमान भरून घाटापलीकडच्या एका खासगी धावपट्टीवर न्यायचं, आणि पहिलं उड्डाण भावानं एकट्यानं करायचं. दुसऱ्या खेपेला शेजारच्या सीटवर वहिनी बसणार होती. तिनं त्यासाठी पंजाबी ड्रेस शिवून ठेवला होता.

आता बर्फाचं. ते मला काकांनी शिकवलं. काका म्हणजे आमचे कुणी नात्यातले नव्हेत. सारा जन्म विमानांच्या इंजिनांत काढलेले, आता पेणात निवांत राहणारे मेकॅनिक. रविवारी सकाळी स्कूटरवरून जोह्याला यायचे, प्लास्टरच्या गोणीवर पेपर पसरून बसायचे आणि भावाच्या कामातल्या खोड्या काढायचे. मी रोह्याहून भेटायला आले होते तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं.

"हातावर पेट्रोल सांडलं की गार लागतं ना?" ते म्हणाले. "उडून जाताना ते गारठा करतं. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल हवेत मिसळतं, त्याच्या गळ्यातही तेच. आणि तुमच्या या खाडीच्या हवेत पाणी किती! ती दमट हवा गळ्यात शिरते, गारठते, आणि आतून बर्फाचं कडं धरतं. वैमानिकाच्या पाठीला घाम असतो आणि इंजिनाच्या गळ्यात बर्फ. कडं वाढलं की इंजिन गुदमरतं."

"मग करायचं काय?"

"एक दांडी ओढायची. एक्झॉस्टच्या नळीभोवती पत्र्याचा डबा असतो. त्यातली तापलेली हवा एका लवचिक पाइपातून कार्बोरेटरकडं जाते आणि बर्फ वितळतो. पाइप केवढा, तर दीड हात. पण दांडी ओढली की इंजिन सगळा श्वास त्याच पाइपातून घेतं. त्या वाटेवर फिल्टरही नसतो." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तो पाइप तुम्ही निवडा. मी इंजिनातला माणूस. पाइपातलं तुम्हाला जास्त कळतं."

कळणारच. धाटावच्या एका केमिकल कंपनीच्या स्टोअरमध्ये माझी उभी नोकरी झाली. आलेला माल बघायचा, ठीक असेल तर शिक्का मारून सही करायची, नसेल तर परत पाठवायचा. पाइपांचे तर ढीग माझ्या हाताखालून गेले. आमच्याकडं पाइप दोन जातींचे मानतात, फुंकणारा आणि ओढणारा. ज्यातून हवा ढकलायची तो फुंकणारा. तो आतल्या दाबानं आपोआप फुगून राहतो, त्याच्यात अक्कल नसली तरी चालते. ज्यातून हवा खेचायची तो ओढणारा. तो दर क्षणाला स्वतःच्याच पोटात जायला बघत असतो, आणि त्याला आतून तारेनं धरून ठेवावं लागतं. ही साधी गोष्ट शिकलेल्या इंजिनिअरांना कळत नाही, तिथं दुकानदारांना काय कळणार?

आणि मला ही गोष्ट पुस्तकातून कळलेली नाही. माझा नवरा त्याच कंपनीत फिटर होता. बऱ्याच वर्षांपूर्वी गरम वाफ ओढून नेणारा एक पाइप त्यानं बदलला, आणि चालू केल्यावर अर्ध्या तासात तो नवा पाइप मेणासारखा मऊ पडून चपटा झाला. वाट बंद झाल्यावर वाफ उलटली ती ह्यांच्या तोंडावर. जीव वाचला, छाती गेली. आता दोन जिने चढायचे तर मधे बसावं लागतं. घरी बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे मिक्सर दुरुस्त करतात. चौकशी झाली, पाइप हलका होता असं ठरलं, पुरवठादार बदलला, विषय मिटला. तेव्हापासून माझ्या स्टोअरमध्ये एकच कायदा. पाइप आला की आत बोट घालायचं. तार हाताला लागली पाहिजे, अस्तर सुटलेलं नको, नखानं उचकटता कामा नये. नवीन पोरं मला पाठीमागं बोटवाल्या बाई म्हणतात. म्हणू देत. काय वाटेल ते म्हणा, पण बोट घाला.

तर मी पाइप निवडायला लागले, आणि दुकानदारांनी माझं डोकं फिरवलं. "किचनच्या चिमणीला का मॅडम?" चिमणीला नाही. "एसीला?" एसीला नाही. "मग कपडे सुकवायच्या मशीनला?" विमानाला, म्हटलं. एकजण म्हणाला, "हो का, मग पायलटसाहेबांनाच पाठवा ना." बाईमाणूस पाइप घ्यायला आली की यांच्या जिभेला हाड राहत नाही! मी त्याच्याच काउंटरवर त्याचाच चंदेरी पाइप दोन्ही हातांत धरून चुरगळला आणि त्याच्या हातात देऊन बाहेर पडले.

शेवटी लांबून नमुने मागवले. हातभर लांबीचे पाच तुकडे. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मांडले आणि ह्यांना व्हॅक्यूम क्लीनर धरून बसवलं. तुकड्याचं एक तोंड क्लीनरला लावायचं, दुसऱ्यावर माझा तळवा, आणि बघायचं कोण टिकतो.

चंदेरी, चिमणीवाला, पहिल्याच झटक्याला कडकड करत आत गेला. राखाडी प्लास्टिकचा ओढायला बरा, पण तापलेली इस्त्री जवळ नेताच चिकट झाला. काळ्याला रबराचा घाण वास सुटला. राहिले दोन नारिंगी. दोघंही काचेच्या धाग्याच्या कापडाचे, वर सिलिकॉन, उष्णतेला पुरून उरणारे. एकाला कापडाचे दोन थर, तार मधे लपलेली, आतून हात फिरवला तर गुळगुळीत. दुसरा एकाच थराचा, तार आतून उघडी, बोटाला टोचणारी. विकणारे सगळे दोन थरांचा घ्या म्हणत होते. मलाही पहिल्यांदा तोच आवडला, खोटं कशाला बोलू. पण मी तो आठवडाभर संध्याकाळी सीरियल बघताना हातात धरून वाकवत बसले. इकडं वाकव, तिकडं वाकव. रविवारी पुन्हा क्लीनरला लावला, तर आतला थर सुटून फोडासारखा वर आला आणि अर्धी वाट बंद. बाहेरून बघाल तर नवाकोरा!

"हा खोटारडा हाय," हे म्हणाले. त्यांनी तो तुकडा ओट्यावरून लांब सारला आणि बराच वेळ खोकत राहिले.

एक थराचा मात्र हलला नाही. तोच ठरला. पण नमुना होता हातभर, लागणार होता दीड हात. नवा मागवायला हवा होता. दुसऱ्या दिवशी धाटावला शिफ्ट सुटताना, बसेस हॉर्न मारताहेत, मोटारसायकली अंगावर येताहेत, अशा गदारोळात मी गेटजवळून भावाला फोन लावला.

"नारिंगी पाइप मागव. दोन इंची, दीड हात. नारिंगीच. दुसरा कुठला चालणार नाय, सांगून ठेवते."

"व्हय ताई. नारिंगी. ध्यानात ठेवतो."

स्टोअरमध्ये आम्ही असंच बोलतो. हिरवा म्हणजे पाण्याचा, काळा म्हणजे हवेचा, नारिंगी म्हणजे गरमाचा. नारिंगी म्हटलं की कापड आलं, सिलिकॉन आलं, तार आली, सगळं आलं. हे माझ्या डोक्यात. रंगवणाऱ्या माणसाच्या डोक्यात नारिंगी म्हणजे काय असतं, याचा मी एका क्षणापुरताही विचार केला नाही.

त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी इंजिन चालवायचं ठरलं. मी सकाळच्या गाडीनं जित्याला उतरले, भाऊ मोटारसायकल घेऊन आला होता, आणि वाटेत त्याची जीभ थांबत नव्हती. कारखान्यात गेले तर विमान तयार. इंजिनावरचं पत्र्याचं झाकण उघडं, आणि आत, एक्झॉस्टच्या डब्यापासून कार्बोरेटरपर्यंत, दोन्ही टोकांना क्लिपा आवळून बसवलेला नारिंगी पाइप. काय रंग होता! कापडाची वीण दिसत होती, वळ्यावळ्यांतून अंधार उजेड दिसत होता. माझा ऊर भरून आला. मी तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बघा, याला म्हणतात माल! दुकानदारांच्या बापानं बघितलाय का असा पाइप?"

काका वाकून बघत होते. "तुम्ही बघितलात ना?" त्यांनी विचारलं.

"बघितला," मी म्हटलं.

"मग झालं," असं म्हणून त्यांनी झाकण लावायला सांगितलं.

भाऊ माझ्याकडं बघून हसत होता. मला वाटलं, आनंदानं हसतोय.

कारखान्यामागच्या भाताच्या शेतात, कापणी झालेल्या कडक जमिनीवर विमान नेलं. मूर्ती बांधायच्या दोरानं शेपूट ताडाला बांधलं. सगळं गाव गोळा झालं होतं. वहिनीनं विमानाच्या नाकावरच्या पंख्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. शेजारची म्हातारी सगळ्यात पुढं उभी राहून भावाला ओरडून सांगत होती, "आधी फाट्यावर टेम्पो नीट वळवायला शीक रं!" इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं आणि अख्खं शेत थरारलं. चिखलाची वाळलेली ढेकळं उडायला लागली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, धुळीनंच आलं असं मी सांगितलं.

काकांनी खूण केली. भावानं इंजिन चढवलं. मग काकांनी मूठ आपल्याकडं ओढून दाखवली, म्हणजे आता ती गरम हवेची दांडी ओढ. ती ओढल्यावर इंजिन जरासं उतरतं, हे मला माहीत होतं. तसं ते उतरलं. आणि मग एक वास आला.

तो वास मी झोपेतही ओळखीन. तापलेल्या रंगाचा. इंजिन एकदा खोकलं, पुन्हा खोकलं, काळा धूर टाकला आणि बंद पडलं. पंखा दोनदा उगाच फिरून थांबला. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "शिंकलं रं विमान!" आणि हशा पिकला.

काकांनी झाकण काढलं. पाइपाचा नारिंगी रंग फोड येऊन सुटला होता, आणि फोडांखाली चंदेरी चकाकत होतं. तोच, किचनच्या चिमणीचा. मधल्या भागात तो चपटा होऊन तारांमधून आत गेला होता. काकांनी दोन्ही क्लिपा सोडवून पाइप भावाच्या हातात दिला आणि कार्बोरेटरच्या तोंडातून चिमटीनं एक फाटका चंदेरी तुकडा ओढून काढला. तो तुकडा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला.

आमच्या धंद्यात एक काम असतं, शाडू फिनिश. मूर्ती प्लास्टरची, पण वरून असा रंग मारायचा, अशी पावडर चोळायची, की बघणाऱ्याला वाटावं शाडूचीच आहे. माझा भाऊ त्यात उस्ताद. आणि प्रामाणिक इतका, की समोरच्या गिऱ्हाइकाला आधी सांगणार, ही प्लास्टर आहे हां, फिनिश शाडूचं आहे. तेच त्यानं पाइपाला केलं होतं. आधी प्राइमर, मग शेंदरीत पिवळा मिसळून हात, वळ्यांच्या खोबणीत सावली. आणि कापडाची वीण? शेला रंगवताना जरीची नक्षी उठवायला मच्छरदाणीचा तुकडा धरून वरून फवारा मारतात ना, तसाच मच्छरदाणीचा तुकडा पाइपाभोवती गुंडाळून त्यानं काचेच्या कापडाची वीण उठवली होती. मी बघायला पाठवलेला नमुना समोर ठेवून!

"भडव्या," मी म्हटलं. हो, भर गावासमोर म्हटलं. "गिऱ्हाइकाला सांगतोस प्लास्टर आहे म्हणून, आणि सख्ख्या बहिणीला सांगितलं नाहीस? मी काय तुझ्याकडं मूर्ती न्यायला आले होते? वर असतास आणि हे झालं असतं तर तुला कुठून गोळा केला असता, मिठागरातून की खाडीतून?"

"ताई, ऐक तरी..."

"काय ऐकू? तुझा श्वास होता तो! तू तुझ्या नरड्याला मेकअप केलास!"

"तो पाइप यायला दोन महिने लागनार होते!" तोही आता ओरडायला लागला. "तवर कारखाना भरला असता, पंख परत माळ्यावर गेले असते, आनि आख्खं वरीस गेलं असतं. दर वर्सी तेच होतं. हा पेणात दुकानात मिळाला, वजनाला हलका. मला वाटलं, पेणात बर्फ कुठला नि ती दांडी कोन ओढतंय? तू नारिंगी नारिंगी केलंस. मी नारिंगी दिला."

"नारिंगी हा रंग नाही रे गाढवा!"

"मग काय हाय?" तो म्हणाला. त्याचा चेहरा खरंच कोरा होता. "नारिंगी रंग नाय तर काय हाय, सांग ना. फोनवर तू दुसरं काय बोललंस?"

एवढ्यात वहिनी पुढं आली. तिनं तो फोड आलेला पाइप बघितला, मग नवऱ्याकडं बघितलं. "दुसऱ्या खेपेला मी बसणार होते," एवढंच म्हणाली. आरतीचं ताट तिथंच ढेकळांत ठेवून ती बांधावर जाऊन आमच्याकडं पाठ करून बसली.

भाऊ तिच्या पाठीकडं बघत राहिला. मग माझ्याकडं वळून, आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "आनि तू तर बघितलंस ना, ताई. सगळ्यांसमोर. तूच पास केलंस."

मी त्याच्या हातातून पाइप हिसकावला, पिशवीत कोंबला आणि पायीच जित्याकडं निघाले. मागून मोटारसायकल घेऊन तो आला, मी बसले नाही. तो स्टेशनापर्यंत गाडी ढकलत मागं मागं चालत आला. मी एकदाही मागं बघितलं नाही. गाडीत बसल्यावर नागोठण्यापर्यंत मी मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या. त्या संपल्यावर काकांना घातल्या, त्यांनी स्वतः का नाही तपासला म्हणून. मग दुकानदारांना. मग त्या म्हातारीला. शिव्या देण्यासारखं कुणी उरलं नाही तेव्हा रोहा आलं.

घरी आले तर हे ओट्यापाशी कुणाचा तरी मिक्सर उघडून बसले होते. मी पाइप त्यांच्यापुढं आपटला आणि सगळं सांगितलं, मच्छरदाणीसकट. त्यांनी ऐकून घेतलं. पाइप उचलला. उजेडाकडं धरून बाहेरचं काम बघितलं, आणि मला कितीही राग आला तरी सांगते, त्यांच्या तोंडून "वा!" निघालं. मग त्यांनी आत बोट घातलं. आतून रंग नव्हता. आत कुठून असणार? कागदासारखा चंदेरी पत्रा बोटाखाली चुरचुरला.

"तू आत बोट घातलं नव्हतंस?" त्यांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी पाइप खाली ठेवला. मिक्सरचा एक स्क्रू घट्ट केला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "आणि तेव्हा?"

तेव्हा म्हणजे कधी, हे विचारायची गरज नव्हती. इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. चौकशीवाल्यांनी विचारलं होतं, माल तपासला होता का, आणि मी सांगितलं होतं, शिक्का आहे, सही आहे. तो पाइपही नारिंगीच होता. नव्या पुरवठादाराचा, प्लास्टिकचा, रंग हुबेहूब. काउंटरवर रांग होती. मी गठ्ठ्याकडं बघितलं, नारिंगी दिसला, आणि शिक्का मारला.

"तेव्हाही नाही," मी म्हटलं.

"माहीत हाय मला," हे म्हणाले. "काउंटरच्या पलीकडं मीच उभा होतो. मीच घाई करत होतो."

मी भडकले. काय सांगू, मला रडायला यायला हवं होतं आणि मी भडकले. "माहीत होतं? आणि इतकी वर्षं गप्प बसलात? जगाला मी बोट घाला, बोट घाला म्हणून ओरडत फिरते, आणि तुम्ही इथं बसून मिक्सर पिळताय? एकदा तरी बोलायचं!"

"कधी बोलू?" ते म्हणाले, आणि त्यांना खोकला आला. खोकला संपेपर्यंत मी उभी राहिले. मग म्हणाले, "तू अशी तापलेली असतेस. रागावतेस सगळ्यांवर, मला वाटतं आतून तू त्या रागावरच चालतेस. तो पण काढून घेतला असता तर तुझ्याकडं काय राहिलं असतं?"

मी पलंगावर बसले. खाली रस्त्यावर दुपारच्या शिफ्टवाल्यांची बस येऊन थांबली, माणसं उतरली, बस गेली. ह्यांनी मिक्सरचं झाकण लावून तो चालवून बघितला. चालला.

मग मी फोन घेतला. भावानं पहिल्याच रिंगला उचलला, बहुतेक हातातच धरून बसला होता.

"लिहून घे," मी म्हटलं. "काचेच्या धाग्याचं कापड. वर सिलिकॉन. थर एकच, दोन नकोत. तार आतल्या बाजूनं, उघडी. आतलं माप दोन इंच, लांबी दीड हात. दोन महिने लागू देत नाहीतर वर्ष लागू दे. पंख परत माळ्यावर टांग."

पेन्सिलचा आवाज येत होता. मग तो थांबला. "ताई," त्यानं घाबरत घाबरत विचारलं, "रंग कुठला?"

"रंग गेला खड्ड्यात! हिरवा येऊ दे नाहीतर जांभळा येऊ दे. आला की डोळे मीट आणि आत बोट घाल. मग वहिनीला घालायला सांग. काकांना सांग." माझा आवाज चिरकला, मी तो सावरला नाही. "आणि मी येईपर्यंत बसवू नकोस, ऐकलंस? मी येणार आहे. या वेळेला मीसुद्धा घालणार आहे."